डेकवरची भाषा

प्रस्तावना

बैलगाडी हाकताना शेतकरी "दोर ओढ" असे म्हणत नाही. तो "कासरा ओढ" असे म्हणतो. गाय ज्याने बांधायची ते दावे, बैलाच्या नाकातून ओवलेली ती वेसण आणि विहिरीवरची मोट ओढणारा तो नाडा. वस्तू म्हणून पाहिल्या तर हे सारे दोरच आहेत. परंतु कामानुसार प्रत्येकाचे नाव वेगळे आहे. हे शब्द कोणी कोश समोर ठेवून घडवलेले नाहीत. काम चालू असताना ऐकणाऱ्याचा घोटाळा होऊ नये, या गरजेतून ते जन्मले. एखाद्या व्यवसायात अशा ठरावीक अर्थाने वापरल्या जाणाऱ्या शब्दांना आपण पारिभाषिक शब्द म्हणतो.

प्रस्तुत पाठात आपण युद्धनौकेच्या डेकवर, म्हणजे जहाजाच्या उघड्या तक्तपोशीवर, बोलल्या जाणाऱ्या परिभाषेची ओळख करून घेणार आहोत. तेथे एका शब्दाचा अर्थ चुकला तर केवळ काम बिघडत नाही. एखाद्याचा हात किंवा जीवही जाऊ शकतो.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• जहाजावरील दिशा, दोर, गाठी व नांगर यांसंबंधीचे प्रमुख शब्द समजतील;
• पारिभाषिक शब्द नेमका का असावा लागतो, हे सोदाहरण सांगता येईल;
• मराठीतील दर्यावर्दी शब्दांचा परिचय होईल.

मूळ पाठ

१. उजवे-डावे कोणाचे?

भारतीय नौदलात नव्याने दाखल होणाऱ्या नौसैनिकांचे प्राथमिक प्रशिक्षण ओडिशात, चिल्का सरोवराच्या काठी असलेल्या आयएनएस चिल्का या संस्थेत होते. कोणी पंजाबच्या गव्हाच्या शेतांतून आलेला असतो, कोणी मणिपूरच्या डोंगरांतून, कोणी कोकणच्या किनाऱ्यावरून. कित्येकांनी तोपर्यंत समुद्र पाहिलेलाही नसतो. या सर्वांना प्रथम शिकावी लागते ती एक समान भाषा. भारतीय नौदलाने ब्रिटिश नौदलाची परंपरा पुढे चालवली असल्याने या भाषेतील बहुतेक शब्द इंग्रजी आहेत. पण ते इंग्रजी येणाऱ्यालाही नव्याने शिकावे लागतात.

आरंभ दिशांपासून होतो. जहाजाच्या पुढच्या निमुळत्या भागाला 'बो' म्हणतात. आपले कोळी बांधव त्यालाच 'नाळ' म्हणतात. मागच्या भागाला 'स्टर्न' असे नाव आहे. नाळेकडे तोंड करून उभे राहिले असता उजव्या हाताची बाजू ती 'स्टारबोर्ड' आणि डाव्या हाताची ती 'पोर्ट'.

मग सरळ उजवी आणि डावी असे का म्हणू नये? कारण उजवे-डावे हे बोलणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून असते. दोन माणसे समोरासमोर उभी असतील तर एकाचे उजवे ते दुसऱ्याचे डावे होते. डेकवर कोणी पुढे तोंड करून उभा असतो, कोणी मागे, कोणी वाकून दोर ओढत असतो. जहाजाची स्टारबोर्ड बाजू मात्र माणूस कसाही वळला तरी बदलत नाही. रात्रीच्या अंधारात दुसऱ्या जहाजालाही ती ओळखता यावी म्हणून स्टारबोर्ड बाजूस हिरवा आणि पोर्ट बाजूस तांबडा दिवा असतो. समोरून येणाऱ्या जहाजाचे तांबडे व हिरवे असे दोन्ही दिवे एकाच वेळी दिसू लागले, तर ते जहाज आपल्याच रोखाने येत आहे, असे समजावे.

२. एक शब्द का बदलावा लागला?

जुन्या काळी युरोपातील जहाजांना मागे मध्यभागी सुकाणू नसे. उजव्या बाजूस एक मोठे वल्हे लावून जहाज वळवीत. त्या 'वळवण्याच्या बाजू'वरून स्टारबोर्ड हा शब्द आला. उजवीकडे वल्हे असल्यामुळे जहाज डाव्या बाजूने धक्क्याला लागे व माल तिकडून चढे. या डाव्या बाजूला इंग्रजीत पूर्वी 'लार्बोर्ड' म्हणत.

आता हे दोन शब्द मोठ्याने उच्चारून पाहा : स्टारबोर्ड, लार्बोर्ड. वारा सुटलेला आहे, लाटा डेकवर आदळत आहेत आणि पन्नास पावलांवरून कोणीतरी ओरडून आज्ञा देत आहे. अशा वेळी कानावर पडणार ते शब्दाचे शेपूट, आणि ते दोन्हींचे सारखेच! म्हणून १८४४ साली ब्रिटिश नौदलाने आज्ञा काढून लार्बोर्डऐवजी पोर्ट हा शब्द रूढ केला. शतकानुशतके वापरात असलेला शब्द केवळ नीट ऐकू येत नाही म्हणून बाजूला ठेवला गेला.

सुकाणूच्या आज्ञांचाही असाच इतिहास आहे. सुकाणूला जोडलेला दांडा उजवीकडे ढकलला की जहाज डावीकडे वळते. पूर्वी आज्ञा या दांड्याला उद्देशून दिली जाई. त्यामुळे 'स्टारबोर्ड' अशी आज्ञा झाली की जहाज पोर्टकडे वळे. दांडा जाऊन चाक आले, तरी रीत तीच राहिली. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकसमोर हिमनग दिसला, तेव्हा डावीकडे वळण्यासाठी दिलेली आज्ञा 'हार्ड अ-स्टारबोर्ड' अशीच होती. ती आज्ञा त्या काळच्या रीतीला धरूनच होती. तथापि शब्द एक आणि वळण्याची दिशा दुसरी, ही पद्धत धोक्याची होती. १९३० नंतरच्या काही वर्षांत ती बंद करण्यात आली. आज स्टारबोर्ड म्हटले की चाक, सुकाणूचे पाते आणि जहाजाची नाळ ही तिन्ही उजवीकडेच वळतात.

तरीही केवळ आज्ञा देऊन भागत नाही. अधिकारी "स्टारबोर्ड टेन" म्हणाला, म्हणजे सुकाणू दहा अंश उजवीकडे वळवण्यास त्याने सांगितले, की चाकावरचा नौसैनिक तेच शब्द पुन्हा उच्चारतो आणि सुकाणू तेथवर पोचल्यावर तसे कळवतो. आपण काय ऐकले हे बोलणाऱ्याला परत ऐकवणे, ही संवादातील चूक पकडण्याची साधी व खात्रीची युक्ती आहे. दूरध्वनीवरून पत्ता लिहून घेताना आपणही तो परत वाचून दाखवतो, तो याच कारणासाठी.

पाठगत प्रश्न – १
(अ) 'उजवी बाजू' आणि 'स्टारबोर्ड' यांत काय फरक आहे?
(आ) लार्बोर्ड हा शब्द का टाकून देण्यात आला?

३. दोर आणि गाठी

डेकवरील कामाचा प्राण म्हणजे दोर. साधा दोर तीन पेडांचा असतो. तंतूंचे सूत, सुतांचा पेड आणि पेडांचा दोर असे ते वळलेले असतात. प्रत्येक टप्प्यावर पीळ उलट दिशेने दिल्यामुळे दोर आपोआप उलगडत नाही. बहुतेक तीनपेडी दोरांना उजवा पीळ असतो. म्हणून त्यांची गुंडाळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करतात. ती उलट केली तर दोरात आढे पडतात आणि ऐन वेळी तो सुटत नाही.

पूर्वी दोर ताग, काथ्या, मनिला अशा वनस्पतींच्या धाग्यांचे असत. आता नायलॉन, पॉलिएस्टर व पॉलिप्रॉपिलीन यांचे दोर वापरतात. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. काथ्या आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात, नायलॉन बुडतो. नायलॉन फार बळकट, पण ताण पडला की तो रबरासारखा लांबतो आणि तुटला तर तितक्याच वेगाने मागे झेपावतो. त्या झेपेच्या वाटेत उभ्या असलेल्या माणसाचा पाय मोडू शकतो, प्राणही जाऊ शकतो. मनिला दोर तुटण्यापूर्वी करकरतो. नायलॉन तशी सूचना देईलच असे नाही.

म्हणून दोराच्या भागांनाही नावे आहेत. हातात असलेले मोकळे शेवट ते 'एंड', ताण घेणारा मुख्य भाग तो 'स्टँडिंग पार्ट' आणि मधे वळलेला सैल फाका तो 'बाइट'. "बाइटमध्ये उभा राहू नकोस" ही डेकवरची पहिली ताकीद होय. डेकवर निरुपद्रवी पडलेले ते वळण दोर ताणला जाताच क्षणात फास बनते आणि त्यात पाय असेल तर ओढला जातो.

गाठींच्या बाबतीत मराठीने फार पूर्वीच एक भेद केलेला आहे : ओढताच सुटते ती सुरगाठ आणि घट्ट बसून सुटता सुटत नाही ती निरगाठ. जहाजावर या दोहोंच्या मधली गाठ हवी असते. ताण असेपर्यंत ती सरकू नये, पण काम संपताच हाताने सोडवता यावी. 'बोलाइन' ही तशी गाठ आहे. दोराच्या उभ्या भागावर एक लहान वेटोळे करावे. मोकळे टोक त्या वेटोळ्यातून खालून वर काढावे, उभ्या भागामागून वळवून पुन्हा त्याच वेटोळ्यातून खाली न्यावे आणि ताणावे. असा तयार झालेला मोठा फास कितीही ओढला तरी आवळत नाही. पाण्यातील माणसाच्या काखेखालून दोर बांधायचा असेल तर हीच गाठ मारतात. सुरगाठीचा फास त्याची छाती आवळून टाकील.

दोन असमान जाडीचे दोर जोडण्यासाठी 'शीट बेंड' आणि खांबाला दोर अडकवण्यासाठी 'क्लोव्ह हिच' या गाठी आहेत. घरोघरी पुडके बांधताना मारली जाणारी 'रीफ नॉट' मात्र दोन दोर जोडून भार उचलण्यासाठी कधीही वापरत नाहीत. एक टोक उलटे ओढले गेले तर ती निसटते.

यंत्रांच्या युगातही नौदल शिडांची नौका बाळगते, यामागे एक कारण या शिक्षणाचेच आहे. कोची येथील आयएनएस तरंगिणी ही तीन डोलकाठ्यांची प्रशिक्षणनौका गोव्याच्या जहाजबांधणी कारखान्यात तयार झाली आणि १९९७ मध्ये नौदलात दाखल झाली. २००३-०४ मध्ये तिने पृथ्वीप्रदक्षिणा केली. शिडांच्या जहाजावर प्रत्येक दोराला नाव असते आणि तो बांधण्याची जागा ठरलेली असते. अंधाऱ्या रात्री भलताच दोर सोडला तर भलतेच शीड कोसळते. दोराचे नाव आणि जागा तोंडपाठ असणे हे तेथे सुरक्षिततेचे साधन आहे.

४. हळू की जलद?

डेकवर आज्ञेला लांबलचक वाक्य चालत नाही. 'हॉल' म्हणजे हाताने ओढा, 'व्हीर' म्हणजे सैल सोडा, 'अव्हास्ट' म्हणजे आहे तेथे थांबा. इंग्रजीच्या जाणकाराला फसवणारा एक शब्द येथे आहे, तो म्हणजे 'हँडसमली'. रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ देखणेपणाने किंवा सढळ हाताने असा होतो. डेकवर मात्र त्याचा अर्थ 'हळू, जपून' असाच आहे. त्याच्या उलट 'राउंडली' म्हणजे झपाट्याने. कोशातला अर्थ मनात धरून कोणी दोर भराभर सोडला, तर खाली उतरवली जाणारी होडी माणसांसह पाण्यावर आपटेल. परिभाषेत शब्दाचा अर्थ कामाच्या रिवाजाने ठरतो, हे यावरून ध्यानात येईल.

वाऱ्यात माणसाचा आवाज विरतो; म्हणून जुन्या काळापासून डेकवर 'बोसन्स कॉल' नावाची धातूची शिटी आहे. तिच्या चढ-उतार सुरांतून ठरलेल्या आज्ञा दिल्या जातात. आज ध्वनिक्षेपक आले, तरी मानवंदनेसाठी आणि परंपरेसाठी ही शिटी नौदलाने जपली आहे.

५. धक्क्याला लागताना

हजारो टन वजनाची युद्धनौका धक्क्याला लागते, तेव्हा हे सर्व शब्द एकाच वेळी कामास येतात. जाड दोर, म्हणजे 'हॉसर', हाताने धक्क्यावर फेकता येत नाही. म्हणून प्रथम 'हीव्हिंग लाइन' ही बारीक दोरी फेकतात. तिच्या टोकाला मुठीएवढी गाठ वजनासाठी असते. धक्क्यावरील माणसे ती झेलून ओढतात आणि तिच्यामागोमाग हॉसर जाते. धक्क्यावर रोवलेल्या आखूड, जाड लोखंडी खांबाला 'बोलार्ड' म्हणतात. हॉसरचा फास त्यावर बसतो.

पुढून जाणारा तो 'हेड रोप', मागून जाणारा 'स्टर्न रोप' आणि आडवा जाऊन नौकेला धक्क्याशी धरून ठेवणारा 'ब्रेस्ट रोप'. तिरपे जाऊन नौकेला पुढेमागे सरकू न देणारे ते 'स्प्रिंग'. "तो दोर सैल करा" म्हटले तर चार माणसे चार दोरांकडे धावतील; "स्टर्न रोप व्हीर" म्हटले की एकच दोर सैल होतो.

६. नांगर

धक्का नसेल तेथे नौका नांगरावर उभी राहते. केवळ नांगराच्या वजनाने जहाज थांबते असा समज आहे, तो चुकीचा आहे. नांगराचे फाळ तळाच्या चिखलात रुततात आणि जोवर साखळी त्याला आडवे ओढते तोवर ते रुतून राहतात. साखळी वरून उभी ओढू लागली की नांगर उपटला जातो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट साखळी सोडतात. तिचा काही भाग तळावर आडवा पडून राहतो आणि जड साखळीची झोळ लाटांचे हिसके सोसते. नांगराच्या या साखळीला नौदलात 'केबल' म्हणतात.

केबल किती सुटली, हे 'शॅकल' या मापाने मोजतात. एक शॅकल म्हणजे १५ फॅदम, सुमारे २७.५ मीटर. फॅदम म्हणजे ६ फूट. आपल्याकडील 'वाव' हे मापही दोन्ही हात पसरल्यावर होणाऱ्या अंतराचे, आणि फॅदमचे मूळही पसरलेल्या हातांतच आहे. दोन दूरच्या किनाऱ्यांवरील माणसांनी खोल पाणी मोजले ते दोरीच्या आणि स्वतःच्या हातांच्या आधारे, म्हणून मापही एकसारखेच निघाले.

दिवसा नांगरलेल्या जहाजावर पुढे एक काळा गोल टांगतात आणि रात्री पांढरे दिवे लावतात. हेही एक प्रकारचे बोलणेच आहे : मी थांबलेलो आहे, आपण बाजूने जावे.

पाठगत प्रश्न – २
(अ) 'बाइट'मध्ये उभे राहणे धोक्याचे का असते?
(आ) खोलीच्या कित्येक पट साखळी का सोडावी लागते?

७. "माणूस पाण्यात!"

आता या सर्व शब्दांची कसोटी पाहणारा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. खवळलेल्या समुद्रात जहाज वेगाने चालले आहे आणि डेकवरून एक नौसैनिक पाण्यात पडतो. हे पाहणाऱ्याने दोन गोष्टी लगेच करायच्या असतात : जवळची जीवरक्षक कडी फेकायची आणि ओरडायचे, "मॅन ओव्हरबोर्ड, पोर्ट साइड!" त्यानंतर पडलेल्या माणसावरची नजर न काढता त्याच्याकडे बोट दाखवत राहायचे, कारण लाटांमध्ये माणसाचे डोके पाहता पाहता दिसेनासे होते.

या आरोळीतील महत्त्वाचा शब्द कोणता? पोर्ट. ते ऐकताच सुकाणू पोर्टकडे, म्हणजे माणूस पडला त्याच बाजूला वळवतात. ऐकणाऱ्यास हे विचित्र वाटेल. परंतु नाळ पोर्टकडे वळली की नौकेची पिछाडी स्टारबोर्डकडे सरकते आणि पाण्याखाली फिरणारे पंखे त्या माणसापासून दूर जातात. पाहणाऱ्याने घाबरून "डावीकडे!" एवढेच म्हटले असते, तर ऐकणाऱ्याला विचारावे लागले असते : कोणाच्या डावीकडे? तो प्रश्न विचारण्याइतका वेळ पाण्यातील माणसाजवळ नसतो. स्टारबोर्ड आणि पोर्ट हे शब्द नवख्यांकडून शेकडो वेळा घोटून घेतले जातात, ते या एका क्षणासाठी.

समारोप : आपले दर्यावर्दी शब्द

ही परिभाषा प्रामुख्याने इंग्रजी असली, तरी मराठी भाषा या क्षेत्रात रिकाम्या हाताची नाही. शीड, डोलकाठी, सुकाणू, वल्हे, नाळ, नांगर हे शब्द कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या व पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमारात गुराब आणि गलबत या नौका होत्या. गुराबेला इंग्रजांनी आपल्या कागदोपत्री 'ग्रॅब' म्हटले. होडीचा धनी तो नाखवा आणि खलाशांचा म्होरक्या तो तांडेल. हा तांडेलही 'टिंडल' होऊन इंग्रजी जहाजांवर पोचला. शब्दांनी कधी किनाऱ्याची सीमा मानलेली नाही.

आपण शिवणकाम करीत असाल, वीजजोडणी करीत असाल किंवा रुग्णसेवा करीत असाल, आपल्याही कामात असे शब्द आहेत. ते नेमके बोलणे आणि नवख्याला धीराने शिकवणे, हा कामाचाच एक भाग आहे. कारण आपल्या शब्दाच्या भरवशावर पलीकडचा माणूस दोर सोडत असतो.

शब्दार्थ

तक्तपोशी – फळ्यांची किंवा पत्र्याची सपाट जमीन
पेड – दोराची एक पिळलेली लड
आढे – दोराला पडलेला उलटा पीळ, गुंता
झोळ – टांगलेल्या दोराला किंवा साखळीला पडलेला बाक
वाव – पसरलेल्या दोन हातांच्या टोकांमधील अंतर
आरमार – लढाऊ नौकांचा समूह

स्वाध्याय

१. कारणे लिहा : (अ) बोलाइन ही गाठ पाण्यातील माणसासाठी वापरतात. (आ) सुकाणूच्या आज्ञेचे शब्द परत उच्चारले जातात.
२. 'हँडसमली' या शब्दाच्या आधारे सामान्य अर्थ व पारिभाषिक अर्थ यांतील फरक आठ ते दहा ओळींत स्पष्ट करा.
३. सुरगाठ व निरगाठ या शब्दांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करा.
४. आपल्या किंवा आपल्या कुटुंबातील व्यक्तीच्या व्यवसायातील दहा पारिभाषिक शब्द गोळा करा. त्यांपैकी एखादा शब्द चुकीचा समजला गेल्यास काय घडेल, ते लिहा.